मैदा नाही, साखर नाही, मग आहे काय?

घरच्या घरी हेल्दी ब्रेकफास्ट कुकीज शिकवणाऱ्या मराठी व्हिडिओंचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं. मैदा नाही, साखर नाही, बटर नाही, अंडं नाही. कधीकधी त्यात ‘ओव्हनही नाही’ची भर पडते. पुढच्या चाळीस सेकंदांत ओट्स मिक्सरमधून फिरतात, पिकलेलं केळं काट्याने कुस्करलं जातं, पीनट बटरचा जाड गोळा संथपणे भांड्यात पडतो, वरून चॉकलेट चिप्स. शेवटी कुकी मधोमध मोडून कॅमेऱ्यासमोर धरायची आणि म्हणायचं, एकदम गिल्ट-फ्री.

हे व्हिडिओ मी आवडीने बघतो आणि त्यातल्या बऱ्याच कुकीज करून, खाऊन झाल्यात. चवीबद्दल माझं फारसं म्हणणं नाही. म्हणणं आहे ते भाषेबद्दल. कादंबरीच्या वाटेला न जाणारा माणूसही रेसिपी वाचतो, बघतो, नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवतो, आणि मुख्य म्हणजे त्यात सांगितलंय तसं वागतो. कवितेबरहुकूम कुणी वागत नाही. तरी कवितेवर आपल्याकडे ढिगाने समीक्षा आहे आणि रेसिपीवर ‘मस्त ताई’ आणि ‘माझ्या चुरा झाल्या’ यापलीकडे काही नाही. मजकूर म्हणून रेसिपीकडे बघायला काय हरकत आहे?

सुरुवात क्रियापदापासून करू. जुन्या मराठी पाकपुस्तकांचं क्रियापद ‘वे’वर संपतं. घालावे, परतावे, निवू द्यावे. ही परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालचं, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी पिवळी पडलेली, हळदीचे डाग असलेली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० सालची. शाळेत आपण याला विध्यर्थ म्हणून पाठ केलेलं आहे: कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा. ‘मंद आचेवर परतावे’ यात परतणाऱ्याचं नाव नाही. आज्ञा नाही, आग्रहही नाही. हे असं केलेलं बरं, पुढचं तुम्ही बघा, एवढाच सूर.

व्हिडिओचं क्रियापद मात्र ‘घेणे’ आहे. टाकून घेऊया, फिरवून घेणार आहोत, छान मिक्स करून घ्यायचंय. ‘भाजून घ्यावे’ जुन्या पुस्तकांतही येतं, पण तिथे ती पुढच्या पायरीची तयारी असते. इथे प्रत्येक कृतीच्या शेपटाला ‘घेणे’ लागतं. जेवून घे, आवरून घे, सही करून घे. मराठीत हे सहायक क्रियापद काम आपल्यापुरतं उरकून टाकल्याचा भाव देतं. कुकी करणं ही त्यामुळे उरकायची गोष्ट वाटायला लागते. शिवाय बोलणारी व्यक्ती सतत ‘आपण’ म्हणते. हा ‘आपण’ आपुलकीचा आहे, मला आवडतोही, पण त्यात एक गोम आहे. ‘आपण’ म्हटलं की बोलणारा आणि ऐकणारा एकाच शरीराचे, एकाच वयाचे, एकाच तब्येतीचे होऊन जातात. याकडे पुन्हा यायचंच आहे.

त्याआधी तो नकार. ‘हेल्दी’ या शब्दाची व्याख्या हे व्हिडिओ काय नाही त्यावरून करतात. पाटी कोरी केली की कुकी निर्दोष. हा युक्तिवाद नवा आहे असं वाटत असेल तर तसं नाही, आणि तो आपला तर नाहीच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सिल्व्हेस्टर ग्रॅहम नावाचा एक धर्मोपदेशक होता. बेकरीचा पांढरा पाव, मांस, मसाले, दारू या सगळ्यावर त्याचा राग. कोंड्यासकट दळलेलं भरड पीठ खा, म्हणजे शरीर आणि मन दोन्ही ताब्यात राहतील, असं तो सांगत फिरायचा. उत्तेजक अन्नाने वासना चाळवतात, हा त्याचा ठाम विश्वास होता. त्याच्या पिठावरून आणि नावावरून ग्रॅहम क्रॅकर आला. आज चीजकेकच्या बुडाला जो चुरा वापरतात तो याच बिस्किटाचा, आणि दुकानात मिळणाऱ्या ग्रॅहम क्रॅकरमध्ये साखर असते. वासनेविरुद्धचं बिस्किट चीजकेकखाली गेलं. यावर आणखी काही बोलायची गरज नाही.

इंग्लंड-स्कॉटलंडकडची गोष्ट ‘डायजेस्टिव्ह’ बिस्किटाची. मॅकव्हिटीजने ते १८९२ साली आणलं. त्यात खायचा सोडा असायचा, सोड्याने पोटातलं आम्ल शमतं, म्हणून पचायला मदत होईल अशी त्या काळची समजूत. ते नाव आजही टिकून आहे. आपल्याकडे दवाखान्यात पेशंटला भेटायला जाताना शहाळ्याबरोबर डायजेस्टिव्हचा पुडा नेतात. त्या पुड्यामागची बारीक अक्षरं वाचली तर गव्हाच्या पिठाबरोबर बहुतेक वेळा मैदा, साखर आणि पामतेल सापडतं. म्हणजे ‘गिल्ट-फ्री’ कुकीचं घराणं चांगलं दोनशे वर्षांचं आहे. कुकीला नैतिक चारित्र्य असतं, ही त्या घराण्याची मूळ श्रद्धा. आपण तिथून ओट्स घेतले, कपाचं माप घेतलं आणि ही श्रद्धाही घेतली. ‘गिल्ट-फ्री’ला धड मराठी शब्दसुद्धा कुणी शोधला नाही. शोधायला गेलं तर सापडत नाही, कारण मराठीत खाण्याचा विटाळ होतो, बाधा होते, अजीर्ण होतं, उपास मोडतो. पण लाडू खाल्ला म्हणून अपराधी वाटायची सोय आपल्याकडे पूर्वी फारशी नव्हती.

आता कुकीच्या आत जाऊ. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे या रेसिपींची रचना मला लगेच ओळखू येते. फाइंड अँड रिप्लेस. मैद्याच्या जागी ओट्स, साखरेच्या जागी गूळ, बटरच्या जागी पीनट बटर, अंड्याच्या जागी केळं. एका झटक्यात सगळीकडे बदल, आणि बदलल्यावर काय मोडलं ते तपासायचं नाही. कुकीत मात्र प्रत्येक घटक एकापेक्षा जास्त कामं करत असतो. साखर फक्त गोड करत नाही. ती भट्टीत वितळते म्हणून कुकी पसरते, पाणी धरून ठेवते म्हणून आतून मऊ राहते, कडा तांबूस होतात त्यातही तिचा हात असतो. मैद्यातलं ग्लूटेन पिठाला बांधून ठेवतं आणि बटर त्या ग्लूटेनला फार चिवट होऊ देत नाही. त्या रस्सीखेचीतून खुसखुशीतपणा येतो. केळ्यात तीन चतुर्थांश पाणी असतं. ते आलं की ओट्समधला स्टार्च फुगतो आणि जे तयार होतं ते कुकीपेक्षा चपटा केक जास्त असतं. वाईट नसतं, पण कुरकुरीत होणार नाही. व्हिडिओतल्या कुकीचा ‘कट्’ असा आवाज कुठून येतो, मला अजून कळलेलं नाही.

नाचणीच्या कुकीचं आणखी वेगळं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हापासून नाचणी कुकीजचा पूर आलेला आहे. नाचणीत कॅल्शियम खरंच भरपूर, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण तिच्यात ग्लूटेन नाही. त्यामुळे निव्वळ नाचणीची कुकी उचलताना बोटांत वाळूसारखी ओघळते. थोडी कणीक घाला, पीठ आधी कोरडं भाजा म्हणजे कच्चट वास जाईल, ट्रेवर पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका: एवढी तीन वाक्यं सांगितली असती तर कमेंटमधल्या निम्म्या ‘चुरा झाल्या’ वाचल्या असत्या. ही वाक्यं येत नाहीत, कारण त्या प्रत्येकात एक ‘कारण’ आहे, आणि या रेसिपींच्या भाषेत ‘कारण’ हा शब्दच नाही. ‘छान’ आहे, ‘थोडंसं’ आहे, ‘मस्त’ आहे. म्हणून एक कुकी जमली तरी दुसरी स्वतःच्या डोक्याने करता येत नाही. पुन्हा व्हिडिओ शोधायचा.

टिकण्याबद्दलचं वाक्य तर धोक्याचंच. केळ्याच्या कुकीजसुद्धा ‘हवाबंद डब्यात महिनाभर टिकतात’ असं सर्रास ऐकू येतं. बेकरीतली नानकटाई टिकते कारण ती कोरडी असते आणि तुपाने माखलेली असते. केळ्याची कुकी ओलसर असते. मुंबईच्या जुलैत तिला तिसऱ्या दिवशी पांढरी लव येते. बाहेर दोन दिवस, फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस, हे खरं उत्तर आहे. ते सांगायला काही आकर्षक नाही, एवढंच.

आणि आता हिशोब. अशा कुकीजचं एक सरासरी प्रमाण मी मांडतो: ९० ग्रॅम ओट्स, १०० ग्रॅम पीनट बटर, ८० ग्रॅम गूळ पावडर, एक केळं, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम बदाम. बारा कुकीज होतात. सगळं मिळून साधारण १,५०० किलोकॅलरी, म्हणजे एका कुकीला सव्वाशे. दोन खाल्ल्या तर अडीचशे, नाश्त्याला ठीकच. ‘प्रोटीन-पॅक्ड’ म्हणून जी ओळख असते ती तपासली तर एका कुकीत साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं निघतात. एका अंड्यात सहा असतात, आणि अंडं उकडायला दहा मिनिटं लागतात. गूळ एका कुकीत साडेसहा ग्रॅम. गुळात लोह असतं, हे खरं. पण साडेसहा ग्रॅम गुळातून लोह मिळून मिळून किती मिळणार? त्याच गुळातला मोठा हिस्सा, ८० टक्क्यांच्या घरात, साखरच असतो. रासायनिकदृष्ट्या पाहिलं तर डब्यातल्या साखरेचाच तो सुक्रोज. खजुराचंही तेच, १०० ग्रॅममध्ये साठ-सत्तर ग्रॅम शर्करा, वर चोथा मिळतो एवढा फायदा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात मध आणि पाक यांनाही टेबलावरच्या साखरेच्याच रांगेत बसवलेलं आहे. वरून टाकलेला गूळ त्या रांगेबाहेर कसा उभा राहील?

हे आकडे काही गुप्त नाहीत. पीनट बटरच्या बरणीवर आणि ओट्सच्या पाकिटावर छापलेले असतात, बेरीज फक्त आपल्याला करायची असते. तरी रेसिपी ती करत नाही. कारण बेरीज केली की ‘हेल्दी’ हे विशेषण राहत नाही, त्याचा आकडा होतो. आणि आकड्याला लगेच प्रश्न चिकटतो: कोणासाठी?

हा प्रश्न माझ्या घरी फार साध्या पद्धतीने आला. गेल्या वर्षी बाबांना डायबेटिस निघाला. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली, आईने घरातून साखरेचा डबाच हलवला. आठवडाभराने सोसायटीतल्या एका काकूंनी आईला व्हिडिओ पाठवला: बिनसाखरेच्या पौष्टिक कुकीज. आईने त्या मन लावून केल्या. बाबांना वर्षानुवर्षं चहाबरोबर बिस्किटं लागतात, त्यामुळे घरात एकदम सुटकेचं वातावरण. त्या संध्याकाळी बाबांनी चार खाल्ल्या. मी त्या वीकेंडला घरी होतो. दोन तासांनी त्यांनी ग्लुकोमीटरवर बोट टोचलं, आकडा २४० च्या पुढे. बाबा मशीनवरच संशय घेऊ लागले. आई म्हणाली, ‘‘अहो, पण साखर कुठंय त्यात? गूळ आहे.’’

आईचं यात काहीही चुकलेलं नाही. तिने मजकूर वाचला आणि त्याप्रमाणे वागली. व्हिडिओत साखर नाही म्हटलं होतं आणि खरोखरच साखरेचा एक दाणा त्यात नव्हता. वाक्य शब्दशः खरं होतं. पाकिटबंद पदार्थांवर ‘शुगर-फ्री’ लिहायचं तर आपल्याकडचे लेबलिंगचे नियम १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालवून घेत नाहीत. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ई-कॉमर्स साइट्सना ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून अशी पेयं काढायला सांगितलं, कारण तसा वर्ग अन्नसुरक्षा कायद्यात मुळी नाहीच. पुड्यावर चार शब्द छापायचे तर एवढं. घरगुती रेसिपीला मात्र कोणताच नियम लागू नाही, आणि लागू व्हावा असं मलाही वाटत नाही. सरकारने आईच्या व्हॉट्सॲपमध्ये डोकावून काय करायचंय? पण जिथे नियम नसतो तिथे समीक्षा तरी असायला हवी.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे आणि आपण तो अडगळीत टाकलाय: पथ्य. पथ्य आणि ‘हेल्दी’ यांच्यात मोठा फरक आहे. पथ्य नेहमी कुणाचं तरी असतं. कावीळ झालेल्याचं पथ्य वेगळं, बाळंतिणीचं वेगळं, मुतखडेवाल्याचं वेगळं. ‘अमक्याला तमकं पथ्यावर पडलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात माणूस असतोच. ऋतू असतो, किती दिवस हे असतं. पथ्य संपतंही. ‘हेल्दी’ला माणूस नाही, मुदत नाही. ते पदार्थाला चिकटवलेलं विशेषण आहे, खाणाऱ्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. वर म्हटलं तो ‘आपण’ इथेच अडतो. जिममधून आलेला पंचविशीतला मुलगा, वजन न वाढणारी शाळकरी मुलगी आणि माझे बाबा या तिघांना एकच ‘आपण’ म्हणता येत नाही. पहिल्या दोघांसाठी ती कुकी खरंच उत्तम आहे, हे मी कुठल्याही खवचटपणाशिवाय सांगतो. शेंगदाणे, बदाम, ओट्स, गूळ: मुलीच्या डब्यात दोन ठेवा, चांगलंच आहे. बाबांना ती पथ्यावर पडत नाही.

जुन्या मराठी स्वयंपाकात या कुकीची सख्खी बहीण आहे. डिंकाचा लाडू. डिंक, खारीक, खोबरं, बदाम, गूळ, तूप. जवळपास तेच घटक, तीच कल्पना: लहान आकारात भरपूर ताकद, सकाळी खायला. पण डिंकाच्या लाडवाची ओळख बघा. तो बाळंतिणीला, तो थंडीत, तो सकाळी एक. मे महिन्यात डिंकाचा लाडू मागितला तर आजी वेड्यात काढायची. अळिवाच्या लाडवाचंही तसंच. प्रमाण, ऋतू, खाणारी व्यक्ती हे सगळं पदार्थाच्या नावातच बांधलेलं. त्याला कुणी गिल्ट-फ्री म्हणत नाही, कारण तो जड आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि जड आहे म्हणूनच तो करतात.

याचा अर्थ जुनं ते सगळं सोनं, असा काढू नका. त्या लाडवामागे उन्हात डिंक वाळवणारी, खारका कुटणारी, पाक बघत उभी राहणारी एक बाई गृहीत धरलेली असे. पाकपुस्तकाच्या ‘वे’मध्ये कर्ता नसतो, पण घरात तो कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं, ‘गृहिणी-मित्र’ हे नावच पुरेसं बोलकं आहे. इथे व्हिडिओंचं श्रेय मान्य करायला हवं. माझ्यासारखे, भाड्याच्या फ्लॅटमध्ये एक छोटा ओटीजी आणि तीन भांडी असलेले मुलगे आज पीठ मळायला लागलेत, ते पुस्तकांमुळे नाही. ‘गोळा असा दिसला पाहिजे’ हे पुस्तक कितीही नीट सांगू दे, दिसणं ते दिसणं. शिवाय ‘वाटीभर’ म्हणजे कुणाची वाटी, हा प्रश्न मी रुचिराभक्तांच्या घरात मोठा होऊनही सोडवू शकलेलो नाही. ‘कप’सुद्धा काही आभाळातून पडला नाही. सपाट भरलेल्या कपाचं आणि चमच्याचं माप रूढ करण्यात फॅनी फार्मर या बाईंच्या १८९६ सालच्या बोस्टनच्या पाकपुस्तकाचा मोठा वाटा आहे. पण निदान त्या कपाला ठरावीक माप तरी असतं. चहाचा कप समजून मापलं की वाट लागते, हे वेगळं.

‘ब्रेकफास्ट’ या अर्ध्या भागाबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय, कारण तिथे या रेसिपी काहीतरी खरं सांगता सांगता थांबतात. कुकी नाश्त्याला का? पोहे आहेत, उपमा आहे, थालीपीठ आहे, आदल्या रात्रीची फोडणीची पोळी आहे. यांतलं काहीही केळ्याच्या कुकीपेक्षा कमी पौष्टिक आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही. फरक एवढाच की पोह्यांना बशी लागते, चमचा लागतो, बसायला दहा मिनिटं लागतात. कुकी एका हाताने खाता येते. दुसऱ्या हातात फोन, लोकलचा खांब किंवा कंपनीच्या कॅबचं दार. हिंजवडीच्या वाटेवर सकाळी साडेसातला रिकाम्या पोटी अडकलेल्या माणसासाठी कुकी हे चांगलं उत्तर आहे. पण मग तेच म्हणा ना. ‘ज्यांना बसून खायला वेळ नाही त्यांच्यासाठी’ असं एखाद्या तरी व्हिडिओचं पहिलं वाक्य असावं. ते नसतं, कारण त्यातून आपल्या सकाळींबद्दल काही अडचणीचं कळेल. त्याऐवजी मैद्याला बदनाम करणं सोपं. मैद्याने आपला वेळ खाल्लेला नाही.

आणि वेळेचा हिशोबही अर्धाच दाखवतात. ‘दहा मिनिटांत तयार’ यात ओव्हन तापायची दहा मिनिटं धरत नाहीत, भाजायची पंधरा नाहीत, गार व्हायची वीस नाहीत, आणि पीनट बटरचं भांडं घासायचं तर कुणीच धरत नाही. साधारण तास जातो. रविवारचा एक तास देऊन आठवड्याच्या चार सकाळी सुटत असतील तर सौदा वाईट नाही. फक्त तो रविवारचा तास घरातल्या कुणाचा, हे विचारावं लागतं. आमच्या घरी तो अजूनही आईचाच असतो. माझ्या फ्लॅटवर माझा.

बेकरीच्या भट्टीची आठवण या निमित्ताने काढायला हरकत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत रवा, मैदा, पिठीसाखर आणि डालडा पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या बेकरीत न्यायचं, पत्र्याच्या डब्यात नानकटाई भरून आणायची, हे अनेक गावांत चालायचं. ते काही आरोग्यदायी नव्हतं, डालडा तर अजिबातच नाही. पण नानकटाईने कधी आपण नाश्ता असल्याचं सांगितलं नाही. ती गोड खाऊ होती आणि दोन महिने पुरवून खायची होती. पदार्थाने स्वतःबद्दल खरं बोलावं, एवढीच माझी अपेक्षा आहे, मग तो डालड्याचा का असेना.

तर मी तीच कुकी, तेच घटक घेऊन, मला पटेल अशा भाषेत लिहून बघितली. ‘वे’ परत आणला आहे, कारण मला तो ऐकायला बरा वाटतो.

शेंगदाणा-केळं-ओट्सच्या गोड कुकीज. घाईच्या सकाळी खाण्यासाठी, दूध किंवा उकडलेल्या अंड्याबरोबर, माणशी दोन. वाढत्या वयाच्या मुलांना चांगल्या. डायबेटिस असणाऱ्यांनी या गोड पदार्थ समजाव्यात. गूळ ही साखरच आहे. बारा नग, लागणारा वेळ एक तास.

९० ग्रॅम ओट्सपैकी निम्मे मिक्सरमधून जाडसर फिरवावेत, निम्मे तसेच ठेवावेत, म्हणजे चावायला काही राहते. सालीवर काळे ठिपके आलेले एक केळे कुस्करून त्यात १०० ग्रॅम पीनट बटर आणि ५० ग्रॅम गूळ पावडर घालावी. केळे पुरेसे पिकलेले असेल तर यापेक्षा जास्त गूळ लागत नाही. चिमूटभर मीठ, पाव चमचा खायचा सोडा, जाडसर कुटलेले ३० ग्रॅम बदाम आणि ओट्स घालून कालवावे. पंधरा मिनिटे झाकून ठेवावे, कारण ओट्सना पाणी प्यायला वेळ लागतो; लगेच भाजल्यास कुकी कोरडी लागते. ओव्हन १७५ अंशांवर तापवावा. गोळे हातानेच चपटे करावेत, कारण साखर-बटरच्या कुकीसारख्या या आपोआप पसरत नाहीत. बारा ते पंधरा मिनिटांत कडा तांबूस होतील. मधे मऊ वाटतील, तरी बाहेर काढाव्यात. गार होताना घट्ट होतात. तोवर उचलू नयेत. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, वर जाळी ठेवून, झाकण लावून मंद आचेवर भाजाव्यात. वेळ जवळपास दुप्पट लागतो आणि वरची बाजू फारशी रंग धरत नाही. या कुरकुरीत होत नाहीत. फ्रिजमध्ये ठेवून पाच दिवसांत संपवाव्यात.